चार गिअर मागे, एक पुढे

३ मार्च

ती. ताई,

साष्टांग नमस्कार लिहितोय, पण प्रत्यक्षात वाकता येत नाही. गाडीखाली झोपून कंबर धरली आहे.

मी वर्षाला एक पत्र लिहितो आणि तू दोन ओळींचं उत्तर पाठवतेस, तेव्हा हे मधलंच पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. गाडी ठीक नाही.

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची ती एकुलती एक गाडी. सतरा वर्षं शिकाऊ लोकांनी तिचे गिअर ओढले, उपटले, ढकलले. आता दुसरा टाकताना करकरते, तिसरा आपोआप सुटतो, आणि आवाजही येतो. गॅरेजवाल्याने मिनिटभर ऐकून सांगितलं, 'बॉक्स फेकून द्या, दुसरा मिळणार नाही, ही गाडी बनवणारेच आता उरले नाहीत.' एवढं बोलून तो हात पुसत चालता झाला. १० मेला परवाना कार्यालयाची तपासणी आहे. तीत गाडी नापास झाली की स्कूल बंद. ताई, मी बावन्न वर्षांचा आहे आणि शेजारच्या सीटवर बसून 'क्लच, क्लच!' असं ओरडण्यापलीकडे मला काही येत नाही.

तू डेपोत एकतीस वर्षं गिअरबॉक्स उघडलेस. मला पत्रातून सांगशील का? फोन केला असता, पण तुला फोनवर काही ऐकू येत नाही असं तूच मागे लिहिलं होतंस. शिवाय तू आलीस तर उत्तमच, पण ते मी मागणार नाही.

तुझा,
धाकटा

८ मार्च

ठोंब्या,

पत्र दोनदा वाचलं. त्यात कामाचे शब्द सापडले दोन: 'आवाजही येतो.' अरे, आवाज येतो म्हणजे काय? आवाज तर तुझाही येतो. खरखर, घरघर, कुईं, टकटक, नक्की काय? चालताना, की उभ्या गाडीत? वळताना, की सरळ? मला आता कोपऱ्यावरचा भोंगा ऐकू येत नाही. म्हणजे ऐकायचं तुला आहे आणि समजायचं मला. तू नीट लिहिलं नाहीस तर मी इथे बसून काय पंचांग बघू?

आता एक कर. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर कुठलाच नाही. क्लचवरून पाय काढ आणि ऐक. मग क्लच दाब आणि ऐक. दोन्ही वेळेला जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिही. 'विचित्र आवाज', 'नको तो आवाज' असलं काही लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

'ते मी मागणार नाही' हे बरं केलंस. मी येणार नाही.

ताई

१३ मार्च

ती. ताई,

ऐकलं. माझ्या सहा शिकाऊ मंडळींनीही ऐकलं आणि सहा जणांनी सहा मतं दिली, म्हणून त्यांना घरी पाठवून मी एकट्याने पुन्हा ऐकलं.

क्लचवरून पाय काढला की घर्रर्र, घर्रर्र, पोटातून आल्यासारखा. क्लच दाबला की गप्प. दुसरा टाकताना 'कर्र्र-खट्'. कर्र्र लांब, खट् आखूड. तिसऱ्यात 'हूंऽऽ' अशी गुणगुण सुरू होते आणि खड्डा आला की 'टक्' करून दांडा न्यूट्रलमध्ये. परवा एका शिकाऊ बाईंच्या हातात तो असा आपोआप सुटला, तर त्या रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, आपणच मोडला. मी त्यांचं सांत्वन करत होतो आणि मागे पंधरा गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

पुरे का एवढं? हे सगळं लिहिताना बायको दोनदा येऊन विचारून गेली, 'घर्रर्र घर्रर्र काय करताय?'

धाकटा

१८ मार्च

ठोंब्या,

आता कसं! पहिल्यांदाच शहाण्यासारखं लिहिलंस.

पाय काढल्यावर घर्रर्र आणि दाबल्यावर गप्प, म्हणजे इंजिनाकडून आत येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग गेलं. उलटं असतं, म्हणजे दाबल्यावर आवाज आला असता, तर क्लचचं बेअरिंग. 'कर्र्र-खट्' म्हणजे दुसऱ्या गिअरचं पितळी कडं झिजलं. दोन दातेरी चाकं एकाच वेगाला आणून मग जुळवायची, हे त्या कड्याचं काम. ते झिजलं की चाकं एकमेकांवर घासतात. तिसरा सुटतो त्याचं कारण उघडल्यावर कळेल. बॉक्स फेकायची काही गरज नाही. तुझ्या गॅरेजवाल्याला उघडायचा कंटाळा आला, बाकी काही नाही.

आता बॉक्स उतरव. एकट्याने नाही, दोन माणसं घे. आधी तेल काढ, तळाला पितळेचा चुरा दिसेल, घाबरू नकोस. घरात एक जुनी चादर असेल. काढशील तो प्रत्येक भाग काढल्या क्रमाने तिच्यावर मांड, डावीकडून उजवीकडे, आणि त्या चादरीला कुणालाही हात लावू देऊ नकोस. कुणालाही म्हणजे कुणालाही.

कडं तपासायचं असं: ते चाकाच्या उतारावर दाबून पिळ. धरून राहिलं तर चांगलं, सटकलं तर फेक. मोजायचं साधन नसलं तरी हाताला कळतं. मला तरी कळायचं.

ताई

२७ मार्च

ती. ताई,

कंबर सोडली तर बाकी मी ठीक आहे. चादर सोडली तर बॉक्सही ठीक आहे.

बॉक्स उतरला. जेवणाच्या टेबलावर आणला, कारण पडवीत धूळ. दोन दिवस खपून सगळं काढलं. बेअरिंग तू म्हणालीस तेच, हातात घेऊन फिरवलं तरी घरघरतं. दुसऱ्याचं कडं सटकतं. सगळे भाग डावीकडून उजवीकडे, रांगेत, चादरीवर. इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढणार होतो. काढायला हवा होता.

मंगळवारी बायकोच्या शाळेतल्या बाई पेपर तपासायला घरी येणार होत्या. मी बेअरिंग आणायला बाहेर गेलो होतो. तिने चादरीचे चारी कोपरे धरले, धुण्याचं गाठोडं उचलावं तसं उचललं आणि पलंगाखाली ठेवलं. परत आलो तेव्हा दोघी त्याच टेबलावर गणिताचे पेपर तपासत होत्या. मी काही बोललो नाही. म्हणजे पाहुण्या गेल्यावर बोललो.

आता सगळा ढीग आहे. बरंचसं तुझ्या पत्रावरून लागेल असं वाटतं. दोन प्रश्न. एक, ते मोठं दातेरी चाक, ज्याला तुम्ही डेपोत क्राऊन म्हणायचात, ते कुठल्या अंगाला होतं आठवत नाही, दोन्हीकडून बसतं. दोन, एक छर्रा आणि एक बारीक स्प्रिंग उरतेय, कुठेच लागत नाही. जादाची दिली असावी.

धाकटा

३१ मार्च

ठोंब्या, ठोंब्या, ठोंब्या,

जादाची? गिअरबॉक्समध्ये जादाचं? दुकानदार वर मूठभर घालतो तसा कारखानावाला वर एक छर्रा घालतो होय? एकतीस वर्षांत मी हजारो बॉक्स उघडले आणि एकातही जादाचं काही निघालं नाही. त्या छर्ऱ्यानेच गिअर जागेवर धरून ठेवलेला असतो! तिसऱ्याच्या दांड्याला एक खाच आहे, तिच्यावरच्या भोकात आधी छर्रा, मग स्प्रिंग, मग बूच. स्प्रिंग मोडलेली असेल बघ. म्हणूनच तो टक् करून सुटत होता. नवी घाल.

क्राऊन: दात डाव्या हाताला. लक्षात ठेव, डाव्या.

चादरीबद्दल मी काही लिहीत नाही. लिहायला बसले तर पाकिटात मावणार नाही.

ताई

१० एप्रिल

ती. ताई,

बॉक्स बसवला. दुसऱ्याचं कडं भंगारातल्या एका जुन्या बॉक्समधून मिळालं. घरघर नाही, करकर नाही, काही सुटत नाही. छर्रा भोकात गेला तेव्हा 'टिक्' असा काय गोड आवाज आला म्हणतेस!

सगळं झकास. फक्त मागे-पुढे जाण्यासंबंधी एक बारीकसा प्रश्न आहे, तो मी बघून घेईन. तुला त्रास नको.

धाकटा

११ एप्रिल

वन्सं,

नमस्कार. मी तुमची भावजय. एकोणीस वर्षांत तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र, आणि ते मी त्यांना न विचारता लिहितेय. ते आत गरम पाण्याची पिशवी कमरेला लावून पडलेत.

'बारीकसा प्रश्न' असं त्यांनी तुम्हालाही लिहिलंय ना? मग मोठा प्रश्न कसा असतो ते मला बघायचंय! काल सहाही शिकाऊ मंडळींना बोलावलं, मला शाळेतून लवकर यायला लावलं. ऐटीत बसले, आरसा नीट केला, 'बघा, गिअर कसा अलगद टाकायचा,' म्हणाले आणि पहिला टाकला. गाडी मागे गेली. त्यांना वाटलं, चुकून रिव्हर्स पडला. दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली. शेजाऱ्यांचं कुंपण, दोन कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे घेऊन थांबली. आता आमच्या गाडीला चार गिअर मागे आहेत आणि एक पुढे. पुढे जायचं तर रिव्हर्स टाकायचा. ते म्हणतात, 'पुढे जायला एक तरी आहे ना!' वन्सं, मी शाळेत अठ्ठेचाळीस मुलं सांभाळते, पण एवढा वैताग मला कुणी दिला नाही.

दुसरी गोष्ट. ही सगळी पत्रं 'एका जुन्या उस्तादांची' आहेत असं ते मला सांगत होते. पाकिटं स्वतःच फोडायचे आणि पत्रं हत्यारांच्या पेटीत ठेवायचे. आज त्यांनी पाना मागितला, म्हणून मी पेटी उघडली. खाली 'ताई' लिहिलेलं.

लग्नात आम्हाला सांगितलं होतं की ताई डेपोच्या ऑफिसात टायपिस्ट आहेत. माझे वडील अजून अधूनमधून विचारतात, 'टायपिस्टबाई कधी येणार?' मला खरंच माहीत नव्हतं हो. तुम्ही का येत नाही, हे मी त्यांना कितीदा विचारलं. दर वेळी म्हणतात, तिला प्रवास सोसत नाही.

गाडी सरळ कशी करायची तेवढं कळवा. बाकीचं मी बघते.

तुमची भावजय

(चादरीचा गुन्हा माझा. मला कुणी सांगितलंच नव्हतं.)

१५ एप्रिल

सौ. भावजयीस आशीर्वाद. हे पत्र दोघांनी मिळून वाचा, लपवालपवी पुरे झाली.

आधी गाडीचं. क्राऊन उलट्या अंगाला बसलंय, बाकी सगळं बरोबर आहे. बॉक्स पुन्हा उतरवा, क्राऊन आणि त्याचं घर काढून फिरवा, दात दुसऱ्या बाजूला आणा. दोन्ही बाजूंचे पातळ वॉशर ज्या बाजूचे त्याच बाजूला ठेवा.

ठोंब्या, हे तुझ्यामुळे झालं नाही. मी 'डावा हात' लिहिलं तो माझा डावा. आम्ही डेपोत बॉक्स पालथा घालून काम करायचो. तू टेबलावर सरळ ठेवून बसला असणार. तुझ्या डाव्या हाताला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे. कुंपण, कुंड्या आणि कपडे माझ्या नावावर टाक.

बाई, तुम्ही कुणाला काही बोलू नका. त्याने खोटं सांगितलं तेव्हा मी त्याच्या मागेच उभी होते. त्या वेळी मला ऐकू येत होतं. लग्नाला यायचं म्हणून मी तीन दिवस रॉकेलने नखं घासत होते. मला प्रवास चांगला सोसतो.

ताई

२३ एप्रिल

ती. ताई,

आता चार पुढे, एक मागे. आवाज कसलाच नाही. शपथेवर सांगतो, बायको साक्षीला आहे, ती म्हणते, 'यांचं एकट्याचं म्हणणं यापुढे धरू नका.'

पण नवीनच भानगड उभी राहिली आहे. परवाना कार्यालयात चौकशी केली, तर ते म्हणतात, घरी उघडलेला गिअरबॉक्स असेल तर सनद असलेल्या फिटरने प्रत्यक्ष तपासून फॉर्मवर सही करायला हवी. गॅरेजवाला म्हणतो, मी उघडलेला नाही, मी सही करणार नाही. तुझ्याकडे सनद आहे. मी फॉर्म पोस्टाने पाठवू का? तू सही करून परत पाठव. प्रत्येक भाग तुझ्याच सांगण्यावरून बसलाय, म्हणजे तूच बसवल्यासारखं आहे.

त्या लग्नाच्या गोष्टीबद्दल काय लिहावं समजत नाही. तेव्हा मी लहान होतो.

धाकटा

२७ एप्रिल

ठोंब्या,

तेहतीस वर्षांचा होतास.

बॉक्स न बघता मी आजवर एकही सही केलेली नाही. तू म्हणतोस म्हणून करणार नाही, आणि वरचे साहेब म्हणायचे तेव्हाही केली नाही. सही हवी असेल तर मला यावं लागेल. आता तूच सांग, तुझ्या घरी मी कोण म्हणून येऊ? टायपिस्ट म्हणून येऊ की उस्ताद म्हणून? तुझ्या सासऱ्यांनी विचारलं तर टाइप करून दाखवू?

ताई

१ मे

ती. ताई,

हे पत्र चार वेळा फाडलं. बायको म्हणाली, पाचवं फाडलंत तर मीच लिहीन.

मला तुझी लाज वाटली होती. आजवर स्वतःला सांगत आलो की लाज तुझी नव्हे, डेपोची होती, कपड्यांची होती, लोक काय म्हणतील त्याची होती. नाही. तुझी होती. तू मला डेपोच्या मागच्या पटांगणात गाडी शिकवलीस, पगारातून माझं शिक्षण केलंस, आणि सासऱ्यांनी 'ताई काय करतात?' म्हटल्यावर मी तुझ्या नखांकडे बघितलं आणि घाबरलो. तू मागे होतीस हे मला ठाऊक होतं. तू न जेवता निघालीस तेव्हा मी थांबवलंही नाही. नंतर दर वर्षी वाटायचं, आता लिहू. इकडचं तिकडचं लिहायचो.

तू 'चूक माझी आहे' असं एका ओळीत लिहून मोकळी झालीस. मला त्या ओळीला एकोणीस वर्षं लागली. चूक माझी आहे, ताई.

सासऱ्यांना परवा जाऊन सगळं सांगून आलो. ते एवढंच म्हणाले, 'त्यांना आमचा पाण्याचा पंप दाखवता येईल का?'

फिटर म्हणून ये. बहीण म्हणून राहा किंवा राहू नकोस, मी आता काही बोलणार नाही.

धाकटा

१२ मे

ती. ताई,

तू आलीस आणि दीड तासात गेलीस. गाडीला जॅक लावायला लावलास, खाली शिरलीस, पान्याचं एक टोक बॉक्सवर ठेवून दुसरं दातांत धरलंस आणि मला एकामागून एक गिअर टाकायला सांगितलेस. मी विचारलं, काय ऐकू येतंय, तर हातानेच गप्प बसवलंस. बायकोने केलेला चहा उभ्याने घेतलास, तोही हात न धुता, आणि माझ्याकडे बघून. मग फॉर्म भरलास, पाकीट चिकटवून दिलंस, 'तिथेच उघड' म्हणालीस, आणि गेलीस. बायको तुला बस स्टँडवर सोडायला आली. वाटेत तुम्ही काय बोललात ते ती मला सांगत नाही.

आता परवाचं ऐक, आणि मग तू मला सांग की डोकं कुणी आपटायचं आणि कुठे.

गाडी तपासणीत पहिल्या झटक्यात पास झाली. साहेबांनी स्वतः चालवली. 'सुरेख काम,' म्हणाले. मग कागद घेऊन मी खिडकीशी उभा राहिलो. मागे बायको आणि सहाही शिकाऊ मंडळी. कारकुनाने फॉर्म वाचला, वाचला आणि बोट ठेवून म्हणाला, 'हा रकाना मोकळा आहे. फिटरचं वाहनमालकाशी नातं. या बाई तुमच्या कोण?'

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, 'नातलगाची सही चालत नाही, खाली छापलंय. कोणी नसतील तर इथे "नाही" लिहा आणि पुढच्या खिडकीवर जा.' चांगला माणूस. पेनसुद्धा त्यानेच पुढे केलं.

ताई, दोन अक्षरं होती. लिहिली असती तर त्याच दिवशी परवाना हातात होता. पेन हातात घेतलं तेव्हा मी खरंच हिशेब करत होतो: सहा माणसांच्या परीक्षा, स्कूल, पुढचं वर्ष. तुला कळलंही नसतं. मागून बायको काही बोलली नाही, साधं खोकलीही नाही.

मी 'थोरली बहीण' लिहिलं. कारकुनाला अक्षर लागलं नाही, म्हणून मोठ्याने सांगायला लागलं. 'माझी थोरली बहीण आहे. डेपोत गिअरबॉक्स फिटर होती. मला गाडी तिनेच शिकवली.' सगळी खोली वळून बघायला लागली, कारण मी जरा जास्तच मोठ्याने बोललो. त्याने फॉर्मवर आडवी रेघ मारली. सही रद्द. दुसरा फिटर आणायला पंधरा दिवसांची मुदत, तोवर स्कूल बंद. सहा जणांच्या परीक्षा पुढे गेल्या. एक जण म्हणाला, 'सर, नाही म्हणायचं ना!'

तुला हा नियम ठाऊक नव्हता का? तू असे फॉर्म आयुष्यभर भरलेस! मला आधी सांगितलं असतंस तर काहीतरी केलं असतं ना मी! मोकळा रकाना देऊन मला त्या खिडकीवर का उभं केलंस?

धाकटा

१६ मे

अरे ठोंब्या,

नियम मला ठाऊक नसेल? मोकळा मुद्दाम ठेवला होता! स्वतः 'नाही' लिहायला माझा हात उठेना, आणि खरं लिहिलं तर तुझी गाडी अडकणार. म्हटलं, हा लिहील. एरवी खोटं बोलायला याला कुणाची मदत लागत नाही, एवढं एक आणखी बोलेल आणि सुटेल. मी तर मनाची तयारीही करून ठेवली होती की तू लिहिलं असणार. आणि तू? नेमक्या नको त्या दिवशी खरं बोललास! तेही ओरडून! तुझ्यापुढे हात टेकले बाबा. काय म्हणावं तुला! तुझं पत्र मी तीनदा वाचलं, शेजारणीला वाचून दाखवलं, आणि मग रडायला आलं म्हणून तिला घरी पाठवली.

आता नीट वाच. आमचे जुने फोरमन अजून आहेत, सनद चालू आहे, सही करायला तयार आहेत. शुक्रवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं येतोय. ते दुसऱ्याने बसवलेल्या बॉक्सवर विश्वास ठेवत नाहीत, अख्खा उघडून बघतील, तेव्हा टेबल मोकळं ठेव आणि भावजयीला सांग की या वेळी चादरीवर मी स्वतः बसणार आहे. ते संध्याकाळी परत जातील. मी आठ दिवस राहीन. तुझ्या सासऱ्यांचा पंपही बघायचाय.

फोरमनना तुझं काम सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, 'गाडी कुणाची?' मी म्हटलं, भावाची. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणाले, 'पंधरा वर्षं एका खोलीत काम केलं. तुला कुणी नाही असंच तू सांगत होतीस.'

सांगत होते, ठोंब्या. तुझ्या लग्नाहून परतले त्या दिवसापासून, जो विचारील त्याला.

शुक्रवारी स्टँडवर ये. मला त्यांना माझा भाऊ दाखवायचाय.

ताई